नाशिकमध्ये घरी लिंबू-मोसंबी कशी लावावी (आणि पाण्याने कशी मारू नये)

जूनमध्ये दोन दमदार पाऊस झाले की नाशिकच्या रस्त्यांवर एक दृश्य ठरलेलं. स्कूटरच्या पायदानावर लिंबाचं रोप, आणि चालवणारा गुडघ्याने ते सावरत निघालेला. त्यातली किती रोपं पुढची संक्रांत पाहतात कोण जाणे. माझ्याकडे आजवर पाच गेली. एक उन्हाने, चार पाण्याने. म्हणून लेख लागवडीचा असला तरी निम्मा पाण्यावरच आहे.

रोप घेताना

पहिलंच झाड असेल तर कागदी लिंबू घ्या. बियांपासून केलेलं रोप असलं तरी हरकत नाही. कागदी लिंबाच्या एका बीमधून बहुधा एकाहून जास्त अंकुर येतात आणि त्यातले बरेच मूळ झाडासारखेच निघतात. फक्त फळासाठी चार-पाच वर्षं थांबावं लागतं. गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, दोन-तीन वर्षांत फळावर येतं, गच्चीसाठी तेच बरं. जातींमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती आपल्याकडे सहज मिळते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या विक्रम आणि प्रमालिनी या जातींना फळं घोसाने लागतात.

मोसंबी आणि संत्र्याचं मात्र कलमच घ्यायचं. हे डोळा भरून केलेलं असतं: खाली रंगपूर लिंबू किंवा जंबेरीचा खुंट आणि वर मोसंबीचा डोळा. पिशवीतल्या मातीपासून साधारण वीतभर उंचीवर जोड दिसतो, तिथे खोड किंचित वाकलेलं असतं. तो जोड बोटाने चाचपून बघा. जोडाच्या खालून फुटवे आलेले असतील तर ते रोप नको.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझी पहिली मोसंबी लावल्यावर वर्षभर मंद होती, मग एकदम जोमाने वाढली. मी खूश. तिसऱ्या वर्षी फळं आली ती लहान, नारिंगी सालीची आणि जीभ आकसेल इतकी आंबट. खालच्या रंगपूर खुंटाने फुटवा काढला होता, मोसंबीची काडी कधीच वाळून गेली होती आणि मी त्या फुटव्यालाच खत घालत होतो. ते झाड अजून आहे. लोणच्याला उत्तम.

जमीन की ड्रम

ऊन दिवसाचे सहा तास तरी हवं. त्याहून कमी असेल तर झाड वाढेल, हिरवंगार दिसेल, फळ देणार नाही. पूर्वेच्या बाल्कनीत तीन तास ऊन येत असेल तर तिथे कढीपत्ता लावा.

अंगण असेल तर भिंतीपासून आठ-दहा फूट सोडून जागा धरा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. पण आपल्याकडची काळी माती पावसात चिखल होते आणि त्या खड्ड्याची विहीर होते. तेव्हा काळ्या जमिनीत खड्डा भरताना थोडा मुरूम आणि भरपूर शेणखत मिसळा, आणि भरलेली माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच येईल असा उंचवटा करा. रोप त्या उंचवट्यावर लावायचं.

गच्चीवर असेल तर २०० लिटरचा निळा ड्रम आडवा कापून दोन कुंड्या करून घ्या, कापून देणारे भंगारवाल्याकडेच भेटतात. तळाला अंगठ्याएवढी सात-आठ भोकं पाडा, आणि बाजूलाही तळापासून इंचभर वर तीन-चार. तळाची भोकं फरशीला टेकून बंद होतात, म्हणून ड्रम विटांवर ठेवा. ओली माती भरल्यावर असा अर्धा ड्रम सव्वाशे-दीडशे किलोला जातो. तो स्लॅबच्या मधोमध नको, खाली तुळई किंवा कॉलम आहे अशा ठिकाणी, कडेला ठेवा. सोसायटीत राहत असाल तर आधी विचारा. नंतर वाद घालत तो ड्रम हलवण्याइतकं वाईट काम नाही.

मिश्रण साधं ठेवा: दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडसर वाळू किंवा कोकोपीट, वर दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नका, कुजताना तापतं आणि मुळं भाजतात. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की गोळा टिचकीने फुटला पाहिजे. नाही फुटला तर वाळू वाढवा.

लावणी

दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, संध्याकाळी लावा. पिशवी ब्लेडने उभी कापा, ओढून काढू नका. मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर तेवढीच सोडवा किंवा छाटा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिशवीत माती जिथपर्यंत होती, तिथपर्यंतच नवी माती आली पाहिजे. बरेच जण "रोप हलतंय" म्हणून वर आणखी माती चढवतात, दाबतात, आणि जोड मातीत गाडला जातो. हलत असेल तर काठी रोवून सैल सुतळीने बांधा. लिंबूवर्गीय झाडाच्या खोडाला ओली माती चिकटून राहिली की साल सडते, तिथून डिंक गळायला लागतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. ही बुरशी खोडाभोवती फिरली की झाड वरून वाळत येतं. पानं मलूल दिसतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी घालतो.

पाणी

अंगणातल्या झाडाला दोन आळी करा. खोडापासून वीतभर अंतरावर मातीची छोटी गोल वरंबी, म्हणजे आतलं आळं. झाडाच्या घेराच्या बाहेरच्या कडेला दुसरी. पाणी फक्त या दोन वरंब्यांच्या मधल्या चरात सोडायचं, आतलं आळं कोरडं ठेवायचं. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं खोडाजवळ नसतातच, घेराच्या कडेला असतात. त्यामुळे झाड उपाशी राहत नाही आणि खोड कोरडं राहतं. झाडाचा घेर वाढेल तसं बाहेरचं आळं सरकवत न्या.

ड्रममध्ये आळं करता येत नाही, तिथे बोट हेच यंत्र. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर परत फिरा. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रोज सकाळी लागेल, डिसेंबरमध्ये आठवड्यातून दोनदा पुरेल, पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस हातही लावावा लागणार नाही. घरात तुळशीला रोज पाणी घालणारं कुणी असतं, आणि तांब्यात उरलेलं पाणी शेजारच्या लिंबाला जातं. माझी दोन झाडं या उरलेल्या पाण्याने गेली. आई ऐकेना, शेवटी तुळस गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

डिंक्या रोखायला पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या भांड्यात अर्ध्या लिटर पाण्यात, मग दोन्ही एकत्र ओता. भांडी प्लास्टिकची घ्या. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. ब्रशने जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीपर्यंत लावा. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

पानं पिवळी पडली तर

कोणतं पान पिवळं आहे ते आधी बघा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय, शेणखत घाला. नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार असतील तर लोह मिळत नाहीये. आपल्या भागात हे दुसरं जास्त दिसतं. मातीत चुनखडी, त्यात बोअरचं क्षारयुक्त पाणी. मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. कुंडीच्या बाहेरून पांढरा थर जमलेला दिसतो तो याच क्षारांचा.

लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना घालून, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. खरा उपाय पाण्यात आहे: पावसाचं पाणी पिंपात साठवा, उन्हाळ्यात एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं. वॉटर प्युरिफायरचं वाया जाणारं पाणी मात्र लिंबाला नको, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. बचत म्हणून ते कुंडीत घालणाऱ्यांनी फरशी पुसायला वापरावं.

खत वर्षातून दोनदा, जून आणि जानेवारीत: ड्रमला अर्धं घमेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. खोडाजवळ नाही, कडेने.

पाहुणे

नवी पालवी आली की पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे तपकिरी-पांढरे ठिपके दिसतील. काडीने हळूच डिवचा. ठिपका डोकं वर करून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत लहान रोप बोडकं करते. दोन-चार झाडांसाठी औषध कशाला? वेचून काढा. आमच्या शेजारची मुलगी त्या उचलून महादेवाच्या देवळामागच्या बेलावर नेऊन सोडते, बेलाचा पालाही त्यांना चालतो. पानांवर नागमोडी चंदेरी रेघा असतील तर ती पान पोखरणारी अळी, तिच्यासाठी लिटरला ५ मिली निंबोळी तेल, साबणाचे चार थेंब घालून, पालवी कोवळी असतानाच.

जोडाखालचे फुटवे दर महिन्याला बोटाने मोडून टाका. आतून सरळ वर जाणारे जाड, काटेरी पानसोटही काढा, ते खातात भरपूर आणि फळ देत नाहीत.

आणखी काय लावता येईल

ड्रममध्ये पेरू लिंबाइतकाच सोपा, आणि दुसऱ्या वर्षीच फळ देतो. आंबा हवाच असेल तर आम्रपाली: दशहरी आणि नीलमच्या संकरातली, मुळातच ठेंगणी जात. चिकू जमिनीतच लावा आणि विसरून जा. पपईच्या बुंध्याशी एक दिवस पाणी साचलं तरी ती जाते, आणि निफाडकडून थंडीची लाट आली की कोमेजते, त्या रात्री गोणपाट गुंडाळा. मँगोस्टीन आणि रामबुतान विकणारे भेटतील. त्यांना बारमाही दमट हवा लागते, आपला कोरडा मार्च-एप्रिल त्यांना सोसत नाही. पैसे वाचवा.

ताण

झाड तीन-चार वर्षांचं झालं, फुटलंय छान, पण फुलत नाही अशी तक्रार असेल तर त्याला सुख जास्त झालंय. त्याला ताण द्या, म्हणजे फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडा. उन्हाळ्यात लिंबं हवी असतील तर हस्त बहार (बहार म्हणजे फुलण्याचा हंगाम) धरायचा, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास फुलं यायला हवीत. सप्टेंबरात पाऊस सुरूच असतो, म्हणून ड्रमच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद उतरता बांधा, पाऊस बाहेर निथळेल असा. दिवसा ऊन असेल तेव्हा काढा. पाणी बंद. ड्रममधल्या झाडाची पानं आठवड्याभरात वळायला लागतात, थोडी गळतातही. दुपारी वळलेली पानं सकाळीही सरळ होत नाहीत असं दिसलं की ताण पुरे झाला. अंगणातल्या झाडाला काळ्या मातीत यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात, तिथे पावसावर भरवसा नको, जानेवारीतला आंबिया बहार धरा.

ताण सोडताना वरची माती हलकी उकरा, खत घाला, पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मं पाणी, तीन दिवसांनी पाऊण, मग पूर्ण. दोन-तीन आठवड्यांत जांभळट-पांढऱ्या कळ्या दिसतील. त्या उमलल्या की फवारणी बंद ठेवा, मधमाश्या येतात. फुलांपासून तोडणीपर्यंत पाच-सहा महिने. साल पातळ, तुकतुकीत आणि हिरव्यावर पिवळी झाक आली की कात्रीने देठासकट कापा. ओढून तोडलेल्या लिंबाची साल देठाशी फाटते आणि ते चार दिवसांत मऊ पडतं.