लाइन कार्डावरची कोअॅक्स केबल लावताना-काढताना

राउटरसारख्या उपकरणात बसणाऱ्या डीएस३ किंवा ई३ (टेलिकॉमच्या डिजिटल लाइनचे दोन प्रकार) लाइन कार्डाला प्रत्येक पोर्टमागे दोन कोअॅक्स केबली लागतात, एक टीएक्सची (सिग्नल पाठवणारी), एक आरएक्सची (सिग्नल घेणारी). दोन्ही दिसायला सारख्याच, म्हणून काढण्याआधी दोन्ही टोकांना लेबल लावाच. आपला टीएक्स समोरच्याच्या आरएक्सला जातो. ही जोडी उलटी झाली की सिग्नल गायब झाल्याचा अलार्म येतो आणि बिचाऱ्या कार्डावर संशय जातो.

काम सुरू करण्याआधी अँटिस्टॅटिक मनगटपट्टा बांधा, इंटरफेस (म्हणजे ते पोर्ट) सॉफ्टवेअरमधून शटडाऊन करा.

आता कनेक्टर. बीएनसी (फिरवून अडकणारा प्रकार) असेल तर खाचा जुळवून आत ढकला आणि पाव वळसा उजवीकडे फिरवा. काढताना किंचित आत दाबून डावीकडे. एसएमबी हा छोटा कनेक्टर मात्र फिरवायचा नसतो. तो सरळ दाबला की टक् करून बसतो आणि सरळच ओढून निघतो. ओढताना बोटं कनेक्टरच्या धातूच्या भागावर हवीत, केबलवर कधीच नको. केबल धरून हिसका दिला की आतली तार क्रिम्पमधून (कनेक्टर केबलवर दाबून बसवलेल्या जागेतून) सुटते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. तिरकं हलवलंत तर मधली पिन वाकते. दाटीवाटीच्या कार्डावर घाई होते, तिथेच हे घडतं.

केबल ७५ ओहमचीच (हे केबलच्या इम्पिडन्सचं माप) घ्या. ५० ओहमची आरजी-५८ केबलही बीएनसीत बसते, पण जोडाशी सिग्नल परावर्तित होऊन एरर वाढू शकतात.

शेवटी केबलींचं वजन कार्डाच्या केबल ब्रॅकेटवर द्या, कनेक्टरवर नको. वळण सैल ठेवा, मग इंटरफेस सुरू करून एरर काउंटर पाहा.