जुना अँप्लिफायर थेट प्लगला लावू नका

माळ्यावरचा अँप्लिफायर काढून थेट चालू केला, की कधीकधी फट्‌ आवाज येतो आणि आता बनत नसलेले आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे भाग) उडतात. मग मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर चकरा. तिथे जुन्या नंबरांत डुप्लिकेट मालही मिळतो, हे वेगळंच!

उपाय म्हणजे सिरीज बल्ब: अँप्लिफायरच्या वाटेत एक बल्ब, जो जादा करंट अडवतो.

१. होल्डरमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा. एलईडी चालत नाही.
२. एक्स्टेंशन बोर्डाची फेजची वायर तोडून तिच्या दोन टोकांच्या मधे होल्डर जोडा. न्यूट्रल आणि अर्थ तसेच ठेवा.
३. अँप्लिफायर या बोर्डाला लावा, स्पीकर काढा, व्हॉल्यूम शून्यावर, मग स्विच ऑन.

बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बहुतेक ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. माझ्या वेळी तो तसाच राहिला, आणि दोष निघाला चाळीस रुपयांच्या ब्रिज रेक्टिफायरमध्ये (एसीचा डीसी करणारा भाग). ट्रान्झिस्टर वाचले.

प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने कपॅसिटरच्या टोकांवर अर्धा मिनिट धरा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.