नव्या वस्तीत राहायला गेलात? पहिल्याच संध्याकाळी शेजारी विरजण मागा

सहा वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून पुण्यात, धायरीला राहायला आलो. सामान चार दिवसांत लागलं. आई मात्र तीन महिने विचारत होती, "आपल्या घरी कधी जायचं?" घर लावण्यापेक्षा वस्तीत रुळायला जास्त वेळ लागतो हे तेव्हा उमगलं. पण हे कामही क्रमानं करता येतं. आम्ही ते चुकत-माकत शिकलो, तुम्हाला थोडं सोपं जावं म्हणून लिहितेय.

सामान येण्याआधी

नव्या गल्लीत एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठनंतर चालून या. दिवे कुठे नाहीत, कुत्री कुठे बसतात, रिक्षा कुठे मिळते, हे घर बघायला गेलात तेव्हा दिसलेलं नसतं. मग वॉचमनकाकांशी बोला. टेम्पो कुठे लावायचा आणि लिफ्टमधून कपाट नेऊ देतात का, हे त्यांनाच ठाऊक असतं.

पाण्याची चौकशी मात्र नीट करा. महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, आणि किती वाजता? पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, आणि त्या भागातल्या कितीतरी सोसायट्या आजही टँकरवर आहेत. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असेल तर तो वार बहुधा गुरुवार असतो. आमचा पहिलाच गुरुवार कोरडा गेला होता, म्हणून सांगते: बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवा.

पहिली संध्याकाळ

दूध उतू घाला, देवापुढे दिवा लावा आणि समोरच्या दाराची बेल वाजवा. पेढे नेलेत तर छानच. पण सोबत काहीतरी मागाही. हातोडी चालेल, विरजण सगळ्यात उत्तम. पेढे दिले की समोरचे "या हं कधीतरी" म्हणतात आणि दार लागतं. विरजण मागितलं की, दूध कुणाकडून घेताय, पिशवीचं की गोठ्यावरचं, असं बोलणं सुरू होतं. आम्हाला दूधवाला, पोळ्यावाल्या मावशी आणि प्लंबर, तिघंही त्या एका वाटीपायी मिळाले.

उसनं मागायचा संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो याचा माणसांना आनंद होतो, तो त्यांना मिळू द्या. आणि रिकामी वाटी परत करायची नाही, ही आपली जुनी रीत इथे पाळाच. चार वड्या घाला, नाहीतर मूठभर शेंगदाणे. ती वाटी आमच्या दोन घरांत अजून फिरते आहे.

पहिला महिना

महिनाभर घरपोच सामान मागवणं बंद ठेवा. भाजी, वाणसामान, औषधं पायी जाऊन आणा, आणि शक्यतो एकाच दुकानातून. दळण घेऊन गिरणीत जा आणि डबा ठेवून लगेच परत फिरू नका. नंबर येईपर्यंत पाच-सहा जणींशी ओळख होते. रात्री उशिरा उघडं असणारं मेडिकल आणि जवळचं रुग्णालय एकदा डोळ्यांनी पाहून ठेवा. ११२ आणि १०८ हे क्रमांक घरातल्या लहानांनाही पाठ हवेत.

कचऱ्याची पद्धत पहिल्याच दिवशी विचारा. पुण्यात बऱ्याच ठिकाणी 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ताई घरोघरी येतात. ओला-सुका वेगळा द्या, आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. तो कचरा त्या हातांनी वेगळा करतात, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

कागदपत्रांची तीन कामं लांबवू नका. भाड्याचं घर असेल तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना ८ भरावा लागतो. गॅसजोडणीही नव्या पत्त्यावर घ्या.

घरातली वडीलधारी माणसं

मुलं चेंडू घेऊन खाली गेली की आठवड्यात टोळी जमवतात. खरी ओढाताण होते ती वडीलधाऱ्यांची. पन्नास वर्षं ज्यांना रस्त्यानं जाताना चार जणांनी हाक मारली, त्यांना इथे कुणी नावानंही ओळखत नाही. आईला "जा ना बागेत" असं आम्ही रोज सांगायचो, ती जायची नाही. मग मी स्वतः सोबत जायला लागले, रोज साडेपाचला, त्याच बाकावर. नवव्या-दहाव्या दिवशी शेजारच्या आजींनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" साताऱ्याचं नाव निघालं आणि दोघींच्या ओळखीचं एक घर सापडलं. त्यानंतर माझी गरज उरली नाही. तुम्हीही असंच करा: भजनी मंडळ, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, जे जवळ असेल तिथे पहिले पंधरा दिवस स्वतः सोबत जा.

पहिले सण

गणपतीची वर्गणी द्याच, पण आरतीलाही जाऊन उभे राहा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही हळदीकुंकू करता येतं. पहिल्या वर्षी ते आपल्याच घरी ठेवा, म्हणजे बोलावण्यासाठी प्रत्येक दारात जाणं होतं.

जुनं गाव

पहिले दोन महिने दर शनिवार-रविवार तिकडे पळू नका, मन तिथेच अडकून राहतं. त्यापेक्षा तिकडच्या माणसांना इकडे बोलवा. आमच्या साताऱ्याच्या काकू आल्या तेव्हा आई त्यांना घेऊन गिरणीपर्यंत चालत गेली. भाजी कुणाकडे ताजी मिळते, कुठला डॉक्टर नीट बघतो, सगळं सांगत होती.