लिनक्सवर विंडो मॅनेजर निवडायचाय? आधी आपलं रोजचं काम बघा

स्क्रीनशॉट बघून विंडो मॅनेजर (स्क्रीनवर विंडो कुठे, कशा मांडायच्या ते बघणारा प्रोग्राम) निवडू नका, काळ्या बॅकग्राउंडवर चार टर्मिनल दिसतात छान पण तुमच्या दिवसात चार टर्मिनल उघडतात का ते आधी बघा. गिंपमध्ये फोटो, लिब्रेऑफिसमध्ये हिशोब, मधेच एखादी छोटी विंडो बाजूला सरकवून ठेवायची असं माउसचं काम जास्त असेल तर ओपनबॉक्स किंवा आइसडब्ल्यूएम घ्या. आइसडब्ल्यूएम 1997 पासून आहे, खाली टास्कबार आणि मेनू तयारच मिळतो, जुन्या लॅपटॉपवर मस्त चालतो. फक्त रॅम वाचवायला बदलत असाल तर फार अपेक्षा ठेवू नका कारण खरी रॅम ब्राउझर खातो, विंडो मॅनेजर कुठलाही असो.

दिवसभर एडिटर, ब्राउझर, टर्मिनल आणि हात कीबोर्डवर, असं असेल तर टाइलिंग, म्हणजे विंडो एकमेकींवर न येता आपोआप शेजारी शेजारी बसवणारा विंडो मॅनेजर घ्या. त्यात सुरुवात आयथ्रीपासून (i3) करा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्याची कॉन्फिग, म्हणजे सगळी सेटिंग, साधी टेक्स्ट फाइल आहे. बाकीच्या टाइलिंगवाल्यांत डीडब्ल्यूएममध्ये बदल करायचा तर सी कोड बदलून परत कंपाइल करावं लागतं, एक्समोनाडची कॉन्फिग हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत, रोजच्या वापराला नव्या माणसाने तिकडे कशाला जायचं.

आत्ताचा डेस्कटॉप काढू नका. आयथ्री शेजारी इन्स्टॉल करा आणि लॉगिन स्क्रीनवरून तो सेशन निवडा, नाही जमलं तर लॉगआउट करून परत जुन्यात. पहिल्यांदा सुरू झाला की तो विचारतो मॉड की, म्हणजे सगळ्या शॉर्टकटमध्ये दाबून धरायचं बटण, कुठलं हवं, विन (विंडोजचं चिन्ह असलेलं) का आल्ट, तिथे विन घ्या, कारण आल्ट बऱ्याच ॲप्सच्या शॉर्टकटमध्ये असतं आणि मग भांडण होतं. मॉड-एंटर टर्मिनल, मॉड-डी ॲप उघडायला, मॉड-शिफ्ट-क्यू बंद करायला, एवढ्यावर पहिला दिवस निघतो.

लॅपटॉपची स्क्रीन 1366 बाय 768 असेल तर तीन विंडो शेजारी शेजारी लावल्या की प्रत्येकीला जेमतेम 455 पिक्सेल, वेबसाइट मोबाइलसारखी दिसायला लागते. तेव्हा मॉड-डब्ल्यू दाबा, सगळ्या विंडो टॅबमध्ये जातात आणि प्रत्येक पूर्ण रुंद दिसते. परत शेजारी हव्या असतील तर मॉड-ई.

आता जे आयतं मिळायचं ते मिळणार नाही हे धरून चाला. आवाजाच्या कीज आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये लिहिलेल्या येतात पण ब्राइटनेसच्या नाहीत, त्यासाठी ब्राइटनेससीटीएल (brightnessctl) हा छोटा प्रोग्राम टाकून कॉन्फिगमध्ये दोन ओळी स्वतः लिहा. पेनड्राइव्ह आपोआप उघडायला यूडिस्की (udiskie) हा प्रोग्राम लागेल. आणि मराठी टाइप करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी आयबस (IBus, मराठी टायपिंग चालवणारा प्रोग्राम) तपासा, तो इथे आपोआप सुरू होईलच असं नाही, नसेल होत तर कॉन्फिगमध्ये एक्झेकची (exec, लॉगिन होताच प्रोग्राम सुरू करणारी) ओळ टाकून आयबस-डीमन (ibus-daemon) सुरू करा आणि लॉगआउट करून परत आत या, मग ब्राउझर आणि लिब्रेऑफिस दोन्हीकडे जोडाक्षरं नीट उमटतायत का टाइप करून बघा.