पावसाआधीची कुंडी: मायकोरायझासाठी माती तयार करताना

पुण्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं तेव्हा लावायची तर माती मेअखेर तयार हवी. यंदा तीत मायकोरायझा ही मुळांशी सोबत करणारी बुरशी घालणार असाल, तर आधी हात आखडता घ्यायला शिका. गच्चीवर कुंडी भरताना आपण खत असं घालतो, जणू जावई जेवायला आलाय. या बुरशीला तो थाट मानवत नाही.

ती मुळांच्या आत शिरून राहते. तिचे तंतू मुळं पोचत नाहीत तिथवर जाऊन स्फुरद, जस्त, पाणी आणतात आणि बदल्यात झाड तिला साखर देतं. स्फुरद आयतं मिळत असेल तर झाड तिला फारसं थारा देत नाही. म्हणून हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट, डीएपी ही स्फुरदाची खतं बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी मी कुंडीत मूठभर हाडांचा चुरा घातला, वर मायकोरायझाचं महागडं पाकीट रिकामं केलं आणि लावला काय, तर कोबी! कोबीच्या कुळातली झाडं या बुरशीला दारातूनच परत पाठवतात.

तेव्हा पाकीट आणण्याआधी काय लावणार ते लिहून काढा. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट, माठ, राजगिरा यांच्यावर पैसे घालू नका. टोमॅटो, मिरची, वांगं, घेवडा, कांदा, झेंडू, लिंबू, जास्वंद, गुलाब यांना जरूर द्या. ऑर्किडची बुरशी वेगळीच असते, त्याला यातून वगळा.

आता सामान. कोकोपीटची वीट बादलीत भिजवा आणि तपकिरी पाणी ओतून द्या. दोन-तीनदा धुवा, पाणी फिक्क्या चहाइतकं उतरेपर्यंत. त्यातले क्षार मुळांना जाचतात. माती लाल घ्या. काळी कुंडीत ओली झाली की चिखल होते आणि सुकली की भेगाळते. चाळताना ढेकळं फोडा, पण अगदी पिठासारखी करू नका. कंपोस्ट पूर्ण मुरलेलं हवं: मूठभर हातात घेतलं तर गार लागावं, वास मातीचा यावा, साली-देठ ओळखू येऊ नयेत. माझं प्रमाण चार घमेली माती, तीन कोकोपीट, दोन जाड वाळू किंवा भाताचं तूस आणि कंपोस्ट फक्त एक. शेजारच्या काकू हे बघून "एवढंसंच?" म्हणतात. हो, एवढंसंच. पुढे भूक दिसली तर पातळ केलेलं पेंडीचं पाणी द्यायचं.

माती उन्हात तापवून घ्यायची असेल तर मे महिन्यात प्लास्टिकखाली आधीच तापवा. बुरशी घातल्यावर तापवली तर तीच भाजून निघेल.

कंपोस्टवर पांढरी जाळी दिसली की लोक खूश होतात, "आली बघा मायकोरायझा!" ती नव्हे. ती पाला कुजवणारी बुरशी. आपली मुळाच्या आत असते, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय दिसत नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीशी लढणारी बुरशी, तोही वेगळा. तो दिलाच तर मी पंधरा दिवसांचं अंतर ठेवते. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक मात्र कुंडीत ओतायचंच नाही.

पाकिटावर कधी 'व्हॅम' लिहिलेलं असतं, ती हीच. तारीख बघा आणि दुकानाबाहेर उन्हात टांगलेलं पाकीट घेऊ नका. घरीही गच्चीवर नको, सावलीत गार जागी ठेवा.

१८८५ साली फ्रँक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं बुरशी आणि मूळ हे दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं. वापरायची रीतही त्यातच आली: बुरशी मुळाला लागली पाहिजे. पावडर मातीवर भुरभुरू नका. रोपाचा खड्डा करा, पाकिटावर सांगितलेली मात्रा तळाशी टाका, रोप त्यावर बसवा आणि मुळं तिला टेकताहेत ना ते बोटानं चाचपा. बी पेरत असाल तर बियांच्या खाली घाला.

पुढच्या खेपेला पाकीट न आणता बुरशी घरीच वाढवायची असेल तर जुलैतच एक कुंडी त्यासाठी राखून ठेवा. सोसायटीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं न खणलेली हरळी किंवा बांबू असेल, तिथली मुळांसकट दोन ओंजळी माती आणा. टेकडीवरून नको, तिथलं तिथंच राहू द्या. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ती माती टाकून द्या. बहुधा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक कृमी, असतात. चांगली असेल तर वाळूत मिसळून तीत दाट ज्वारी पेरा आणि खत जवळजवळ देऊच नका. तीन-साडेतीन महिन्यांनी पाणी तोडा, पंधरा दिवस वाळू द्या. धाटं जमिनीलगत कापा, मुळं उपटून कात्रीनं बारीक करा आणि त्याच मातीत मिसळा. सावलीत सुकवून कागदी पिशवीत भरा, वर तारीख टाका. दिवाळीनंतरच्या टोमॅटोला यातलीच मूठभर खड्ड्यात.