घरच्या काळ्या सायकलीची फिक्स्ड गिअर सायकल : कमी पैशात कशी बांधावी, कशी चालवावी

पूर्णाकाठची काळ्या मातीची पट्टी असो की भंडारा-गोंदियाचा धानपट्टा, विदर्भातल्या कितीतरी गावांतून तालुक्याला जाणारा रस्ता सपाट आहे. फिक्स्ड गिअर सायकलीला असाच रस्ता मानवतो. या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरू देणारी दातेरी चकती) नसतं, साधी दातेरी चकती थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आवळलेली असते. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. पाय थांबवून नुसतं वाहत जाणं नाही. वेलोड्रोमवरच्या, म्हणजे सायकल शर्यतीच्या गोल ट्रॅकवरच्या, सायकली अशाच असतात, आणि जपानात १९४८ पासून चालत आलेली केइरिन शर्यतही अशाच सायकलींवर होते. भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडे. पायाचा जोर मधे कुठेही न हरवता चाकाला लागतो, आणि ती लय एकदा अंगात भिनली की दहा-बारा किलोमीटरचा रस्ता फार सुखाचा होतो.

शहरातल्या दुकानात अशी तयार सायकल महाग पडते. आपल्याकडे मात्र अर्धं काम आधीच झालेलं असतं. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली हिरो, अ‍ॅटलस किंवा अ‍ॅव्हॉनची काळी सायकल हीच यासाठी उत्तम. तिच्या फ्रेमला मागचं चाक पुढं-मागं सरकवता येईल अशा आडव्या, लांब खाचा असतात. फिक्स्ड गिअरला चेन ताणायला दुसरा कुठलाच उपाय नसल्यामुळे या खाचा हव्यातच. तिची अर्धा इंच पिचची (दोन पिनांमधल्या अंतराची), अष्टमांश इंच रुंदीची चेन ट्रॅक सायकलीलाही तीच चालते. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, पण म्हणून अ‍ॅटलस नाकारू नका; लुधियानाचे सुटे भाग तिला लागतात आणि ते तालुक्याच्या दुकानात मिळतात. गिअरवाली सायकल मात्र घेऊ नका. तिच्या खाचा बहुधा उभ्या असतात.

घरात सायकल नसेल तर भंगारवाल्याकडे किंवा आठवडी बाजाराच्या गावी मिस्त्रीकडे विचारा. फ्रेमच्या जोडांना तडा नाही ना, पुढचा चिमटा वाकलेला नाही ना, हे उन्हात नेऊन बघा. मग दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत. साध्या सायकलीला पाय पुरते टेकले नाहीत तरी चालून जातं, इथं नाही. कारण पुढे येईलच.

आता मागचं चाक. सगळा पैसा आणि सगळी काळजी इथंच लावायची.

मिस्त्री म्हणेल, "भाऊ, नवा हब कशाले? फ्रीव्हीललेच वेल्डिंग मारून देतो." त्याचा हेतू चांगला असतो, पण याला नको म्हणा. फ्रीव्हील हबवर उजव्या आट्यांनी बसतं. पुढे पॅडल मारलं की ते घट्ट होतं, आणि मागे जोर दिला की सुटायला बघतं. फिक्स्ड सायकलीवर वेग कमी करताना आपण नेमका मागेच जोर देतो. ज्या क्षणी थांबायचं असतं त्याच क्षणी ते आट्यांवरून फिरून निघेल. ट्रॅक हबला म्हणूनच दोन वेगळे आटे असतात : चकतीसाठी उजवे, आणि तिच्या बाहेरून बसणाऱ्या लॉकरिंगसाठी डावे. चकती सुटू लागली की ती लॉकरिंगला आणखी आवळते. साध्या हबवर चकती आणि बॉटम ब्रॅकेटची (पॅडलच्या मधल्या एक्सलच्या बेअरिंगची) रिंग बसवण्याचीही युक्ती चालते, आटे जुळतातही. पण दोन्ही आटे एकाच दिशेचे असल्याने तो भरवसा मिळत नाही. जुनी सायकल हजार-दीड हजारात मिळाली असेल तर वाचलेले पैसे खऱ्या ट्रॅक हबवर घाला.

हब ऑनलाइन मागवण्याआधी रिमची भोकं मोजा. जुन्या काळ्या सायकलीच्या मागच्या रिमला बहुतेक वेळा ४० भोकं असतात आणि पुढच्या रिमला ३२. ट्रॅक हब सहसा ३२ किंवा ३६ भोकांचा येतो. सोपा मार्ग असा की ३२ भोकांचा हब घ्यावा आणि पुढच्या चाकाची आणखी एक रिम विकत घेऊन तीच मागे बांधावी. एकट्या माणसाला ती पुरते. फ्रेमच्या मागच्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतरही मोजून ठेवा. ट्रॅक हब १२० मिलिमीटरचा असतो. थोडा फरक वॉशरने किंवा लोखंडी फ्रेम हलकीशी फाकवून निघतो. एक्सल खाचेत अडकत असेल तर कानशीने खाच जराशी घासायची. स्पोक भरणं आणि चाकाचा आऊट काढणं हे काम मिस्त्रीलाच द्या, त्याचा हात त्यात बसलेला असतो.

चकती किती दात्यांची? पुढे ४४ दाते असतील तर मागे १८ घ्या. २८ इंची चाकावर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते, आणि मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग राहतो. १६ ची चकती वेगवान वाटते, पण उन्हाळ्यात समोरून वारा सुटला की मांड्या भरून येतात.

आट्यांना ग्रीस लावा, चकती हाताने बसवा आणि चेनच्या पान्याने (चेनचा तुकडा जोडलेल्या पान्याने) ताकदीने आवळा. नंतर लॉकरिंग, तीही तिच्या पान्यानेच. ती उलट्या दिशेने आवळली जाते, हे मिस्त्रीलाही आधी सांगा. सवयीने तो भलतीकडे जोर लावील. पहिल्यांदा दोन-तीन वेळा सायकल चालवून झाली की दोन्ही पुन्हा आवळा.

मग मागून, चाकाच्या रेषेत डोळा लावून बघा : पुढची आणि मागची चकती एका सरळ रेषेत हवी. चेन तिरकी गेली तर उडते, आणि इथं उडालेली चेन मागचं चाक जागच्या जागी जाम करू शकते. चेन वर-खाली मिळून सेंटिमीटरभर हलावी. जास्त नाही, आणि तारेसारखी ताठही नाही. पॅडल पूर्ण फेरा फिरवून सगळीकडे तपासा. क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या) कॉटर पिना, म्हणजे त्या दांड्या एक्सलवर पक्क्या धरणाऱ्या खिळी, जुन्या असतील तर दोन्ही बदला. पाय पुढे-मागे जोर देतात, त्यामुळे झिजलेली पिन लगेच कटकट करू लागते. पिना अगदी स्वस्त आहेत.

चेन ताणताना डबल स्टँडवर चाक फिरवायचं असेल तर बोटं दूर ठेवा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. हे चाक बोट अडकलं म्हणून थांबत नाही.

ब्रेक दोन्ही ठेवा. ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतात म्हणून रस्त्यावरच्या सायकलीचे काढून टाकणं चूक आहे; ट्रॅकवर आडवी म्हैस येत नाही. दांड्यांचे जुने ब्रेक चालतील, फक्त रबर नवे घाला. लोखंडी रिम ओली झाली की पकड बरीच कमी होते, हेही ध्यानात असू द्या.

शिकायला शाळेचं मैदान किंवा बाजार नसलेल्या दिवशीची बाजाराची जागा निवडा. एका पॅडलवर पाय ठेवून दुसऱ्याने ढकलत टांग टाकायची आपली जन्माची सवय इथं सोडावी लागते, कारण पायाखालचं पॅडल फिरत राहतं. दांडीवर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहा, मागचं चाक जरा उचलून एक पॅडल पुढे-वर आणा, आणि मग निघा. उतरतानाही आधी पूर्ण थांबायचं. उभं राहता येईल एवढीच फ्रेम घ्या म्हटलं ते यासाठी.

पहिला दिवस फक्त सरळ चालवा आणि पाय कधीही ताठ करू नका. वेग कमी करायचा तर वर येणाऱ्या पॅडलवर हळूहळू दाब द्या, सोबत ब्रेक. वळणावर सायकल फार कलती करू नका, आतल्या बाजूचं पॅडल खाली येऊन रस्त्याला घासतं. गतिरोधकावर सीटवरून जरा उठा, पाय फिरते ठेवा. उताराआधीच वेग आवरा. चिखलदऱ्याच्या घाटात ही सायकल नेऊ नये.

चेनकव्हर काढलं असेल तर पायजमा वर गुंडाळून बांधा. ओढणी किंवा लुगड्याचा पदर मोकळा असेल तर कव्हर ठेवलेलंच बरं. कॅरिअरवर दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा किंवा मागे माणूस नको.

पावसाळ्यात पांदण रस्ता टाळा. काळी माती मडगार्डात भरली की चाक अडतं आणि त्याबरोबर पॅडलही. बाभळीच्या काट्यांचा भाग असेल तर मागच्या नटाला बसणारा पाना, पंप आणि पंक्चरचं सामान सोबत ठेवा. मागचं टायर साध्या सायकलीपेक्षा लवकर झिजतं, तेव्हा दर आठवड्याला लॉकरिंग, चेन आणि ब्रेकच्या रबरांबरोबर त्यावरही नजर टाका.