हिस्टरी वॉक घेताय? मग या चुका टाळा

हिस्टरी वॉक म्हणजे लोकांना जुन्या जागा चालत दाखवत त्यांच्या गोष्टी सांगणं, आणि त्यात पहिली गफलत 'इंटरॲक्टिव्ह', म्हणजे लोकांना सामील करून घेणारं, या शब्दातच होते. "कोणाला माहितीये हे कधी बांधलं?" असं विचारलं की झालं इंटरॲक्टिव्ह, असं वाटतं आपल्याला. होतं काय, निम्मे लोक खाली बघायला लागतात, एखादा घरून वाचून आलेला फटकन उत्तर देतो आणि बाकीचे जे गप्प होतात ते शेवटपर्यंत. मीही हे भरपूर केलंय. परीक्षा नका घेऊ, काहीतरी करायला द्या.

लंडनचं मॉन्युमेंट बघा. 1666 च्या मोठ्या आगीची आठवण म्हणून उभारलेला खांब, उंची 202 फूट. नुसता आकडा सांगितला तर पुढच्या कोपऱ्यावर कोणाला आठवणार नाही, पण गंमत अशी की जिथे आग लागली ती पुडिंग लेनमधली बेकरीही खांबापासून तेवढीच लांब होती. मग सांगू नकाच, "हा खांब आडवा पाडला तर शेंडा कुठे टेकेल?" असं विचारा आणि पावलं मोजत चालायला लावा, 80 च्या आसपास भरतात. चालून गेलेला माणूस विसरत नाही.

याच खांबावर 1681 मध्ये आगीचा दोष कॅथलिकांवर ढकलणारा मजकूर कोरला होता, तो कायमचा खरवडला गेला 1830 मध्ये. म्हणजे दगडावर कोरलेलंही खोटं असू शकतं, मग ऐकीव भुयारं आणि भुताटकीचं काय घेऊन बसलात! अशा गोष्टी सांगा की, मजा येते, फक्त "लोक असं म्हणतात" हे आधी बोला. आणि ती गोष्ट पसरणं कोणाच्या सोयीचं होतं यावर ग्रुपला भांडू द्या.

जागेवरच्या चुका तर विचारू नका. रेकी, म्हणजे आधीची पाहणी, निवांत सकाळी आणि वॉक संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, मग हॉर्नमध्ये अर्धी गोष्ट गुल. ज्या वारी ज्या वेळी वॉक आहे तेव्हाच रेकी करा. ऊन तुमच्या तोंडावर घ्या, लोकांच्या नको. मागचा शेवटचा माणूस पोचल्याशिवाय सुरू करू नका. दीड तासात 7-8 थांबे पुरे, 15 केलेत तर नुसती पळापळ होते.

क्यूआर कोडचा सोस आवरा, नेटवर्क नसतं आणि असलं तरी सगळे माना खाली घालून उभे. त्यापेक्षा त्याच जागेच्या जुन्या फोटोची प्रिंट हातात द्या, फोटोवाला कुठे उभा असेल ती जागा शोधायला सांगा, मग फोटोत दिसणारी पण आता बुजवलेली खिडकी कोणीतरी आपणहून दाखवतंच.

तरी कोणी बोलेना? दोघादोघांच्या जोड्या करा, एकमेकांशी बोलतात लोक. आणि शेजारचे आजोबा मधेच "अहो, इथे विहीर होती" म्हणत घुसले तर स्क्रिप्ट खिशात टाका आणि विहीर नेमकी कुठे होती ते त्यांनाच दाखवायला सांगा.